अहवालात ‘आर’, आणि तरीही तेच औषध

दुपारी आमच्या जंतुशास्त्र प्रयोगशाळेत वॉर्डातून निवासी डॉक्टरचा फोन आला. “मॅडम, रिपोर्टात सेफट्रायॅक्सोनसमोर आर आहे. आणि सर म्हणतात, तुमच्याशी बोलणं झालंय, अँपिसिलिनबरोबर सेफट्रायॅक्सोनच सुरू करायचं. छापताना चूक झालीय का?”

चूक नव्हती. ‘आर’ म्हणजे रेझिस्टंट, प्रतिकारक. जंतूवर ते अँटिबायोटिक चालत नाही हे खरं होतं, आणि रुग्णाला तेच द्यायचं हेही खरं होतं. या दोन वाक्यांत भांडण का नाही हे समजावायला फोनवर दहा मिनिटं गेली, तरी निम्मं राहूनच गेलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. वय, दिवस, आकडे शिकवण्याच्या सोयीसाठी जुळवून घेतले आहेत. जंतूचं आणि औषधांचं वागणं मात्र जसं असतं तसंच ठेवलंय.

रुग्ण पुरुष, वय ६७. प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी अडली होती, काही दिवस नळी घातलेली होती. नळी काढल्यावर ताप आला. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, एंटरोकोकस हा जंतू उगवला आणि बाहेरच्या बाहेर लिनेझोलिड या अँटिबायोटिकच्या गोळ्या १० दिवस दिल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सगळे निश्चिंत. गोळ्या संपल्यावर आठव्या दिवशी ताप परत आला. या वेळी रात्री घाम, भूक गेलेली, वजन उतरलेलं. तपासताना छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर पूर्वी कधी नोंद नसलेली मरमर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज. इकोमध्ये महाधमनीच्या झडपेवर ९ मिलिमीटरची गाठ हलताना दिसली. व्हेजिटेशन, म्हणजे झडपेवर साठलेला जंतूंचा पुंजका. क्रिएटिनिन १.६, म्हणजे मूत्रपिंडं आधीच थोडी दमलेली.

अँटिबायोटिक सुरू करण्याआधी वेगवेगळ्या वेळी रक्ताची तीन कल्चर्स घेतली होती. तिन्ही बाटल्यांत जंतू वाढल्याचा इशारा यंत्राने चोवीस तासांच्या आत दिला. बाटलीतला थेंब काचेवर पसरून ग्रॅम रंग दिला तर जांभळे, किंचित लांबट गोल जंतू, जोडीजोडीने, कुठे चार-सहांची छोटी माळ. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकल्यावर एकही बुडबुडा नाही. पित्त आणि एस्क्युलिन घातलेलं माध्यम दुसऱ्या दिवशी काळंभोर. ओळख पक्की झाली: एंटरोकोकस फिकॅलिस. आतड्यात निमूट राहणारा, लघवीच्या वाटेने रक्तात घुसला की झडपेवर बिऱ्हाड करणारा.

आता संवेदनशीलता, म्हणजे या जंतूवर कुठलं औषध चालतं. अँपिसिलिनची एमआयसी, म्हणजे वाढ दिसेनाशी करायला लागणारी किमान मात्रा, लिटरला १ मिलिग्रॅम: ‘एस’, म्हणजे औषध चालतं. व्हँकोमायसिन २: ‘एस’. लिनेझोलिडही २: ‘एस’. सेफट्रायॅक्सोन: ‘आर’, पण तो या जंतूचा उपजत गुण, तपासावाही लागत नाही. जेंटामायसिनची १२० मायक्रोग्रॅमची खास चकती, म्हणजे औषध मुरवलेला कागद, लावली होती, तिच्याभोवती जंतू न उगवलेलं वर्तुळच नाही. जंतू अगदी चकतीच्या कडेला टेकेपर्यंत उगवलेले.

या यादीत मला पहिल्यांदा खटकलं ते लिनेझोलिडसमोरचं ‘एस’. जंतू प्रतिकारक झाला असता तर ताप परत येण्याचा उलगडा एका ओळीत झाला असता. पण तसं काही घडलं नव्हतं. औषध पहिल्या दिवशी चालत होतं, १० दिवसांनी चालत होतं, आजही चालत होतं. तरी रुग्ण बरा झाला नव्हता.

एमआयसीची चाचणी काय सांगते हे आपण घाईत विसरतो. छोट्या छोट्या खळग्यांत चढत्या मात्रेत औषध भरायचं, प्रत्येकात मिलिलिटरला सुमारे ५ लाख या हिशेबाने जंतू सोडायचे, रात्रभर ३५ अंशांवर ठेवायचं आणि सकाळी कुठला खळगा निवळ आहे ते बघायचं. निवळ म्हणजे वाढ झाली नाही. आतले जंतू मेले, असा त्याचा अर्थ होत नाही. डोळ्याला ५ लाख जंतू असलेलं पाणीही निवळच दिसतं.

म्हणून त्या निवळ खळग्यांतून १० मायक्रोलिटरचा एकेक थेंब औषध नसलेल्या अगारवर, जंतू वाढवायच्या घट्ट माध्यमावर, ठेवला. सुरुवातीच्या हिशेबाने अशा थेंबात ५ हजार जंतू असतात. दुसऱ्या दिवशी लिनेझोलिडच्या थेंबाच्या जागी मोजता येणार नाहीत इतक्या वसाहती होत्या, एकमेकींत मिसळून पांढुरका गालिचाच. रात्रभर औषधात बुडून राहिले आणि औषधाबाहेर पाऊल पडताच जिथे थांबले होते तिथून पुढे चालू लागले. रुग्णाच्या झडपेवर आठ दिवसांत जे झालं, ते प्लेटवर एका रात्रीत दिसलं.

लिनेझोलिड जंतूच्या रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या कारखान्याच्या, मोठ्या भागावर, ५०एस वर, बसतं आणि प्रथिन बनवायला सुरुवात करणारी जोडणीच होऊ देत नाही. कारखान्याला टाळं लागतं, पण यंत्रं शाबूत असतात. एरवी एवढं पुरतं. लघवीत, त्वचेत, फुफ्फुसात वाढ थांबली की शरीराच्या पांढऱ्या पेशी येऊन उरलेले जंतू गिळतात. बहुतेक संसर्गांत मारणारं औषध आणि थांबवणारं औषध यांच्या निकालात फरक पडत नाही, हे आवर्जून सांगायला हवं. ‘मारणारं ते भारी’ असा एक समज तरुण डॉक्टरांत असतो, तो खरा नाही. पण झडपेवरची गाठ ही वेगळीच जागा आहे. फायब्रिन आणि प्लेटलेट्सचे थरावर थर, आत रक्तवाहिनी नाही, पांढऱ्या पेशींना शिरायला वाट नाही, आणि एका ग्रॅममध्ये १०० कोटी ते १,००० कोटी जंतू. इथे मागून येऊन झाडलोट करणारं कोणी नाही. मारण्याचं सगळं काम औषधालाच करावं लागतं.

रुग्णाच्या मुलीने विचारलं, “म्हणजे आधीच्या डॉक्टरांनी चुकीचं औषध दिलं का?” मी नाही म्हटलं, आणि ते मनापासून होतं. लघवीच्या संसर्गापुरतं ते औषध चाललंच असतं. राहून गेलं ते एवढंच की गोळी सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर घेतलं गेलं नाही. ते घेतलं असतं तर आठवडे वाचले असते.

मग वॉर्डात चर्चा अशी वळली की अँपिसिलिन तर देऊच, सोबत लिनेझोलिडही चालू ठेवू. दोन्ही ‘एस’ आहेत, दोन असली तर बिघडलं कुठे? हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. बिघडू शकतं.

अँपिसिलिन कसं मारतं ते बघू. जंतूच्या अंगाभोवती पेप्टिडोग्लायकनची जाळी असते. ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूच्या आतला दाब सुमारे २० वातावरणांइतका भरतो. जाळी नसेल तर तो फुटतो. वाढताना ही जाळी सतत उसवावी आणि विणावी लागते. उसवण्याचं काम ऑटोलायसिन नावाची विकरं करतात, तर नवे धागे एकमेकांना आडवे टाचण्याचं काम पेनिसिलिन-बंधक प्रथिनं, थोडक्यात पीबीपी, करतात. पीबीपी ज्या तुकड्याला पकडते त्याच्या शेवटी दोन डी-अलानिन असतात. अँपिसिलिन आणि पेनिसिलिनच्या गटातल्या इतर औषधांचा आकार हुबेहूब त्या जोडीसारखा. पीबीपी फसते, औषधाला पकडते आणि तिथेच चिकटून बसते. टाचणं थांबलं, उसवणं मात्र चालूच. जाळी विरत जाते आणि आतल्या दाबाने जंतू फुटतो.

म्हणजे औषध स्वतः जंतूला फोडत नाही, जंतू वाढण्याच्या घाईत स्वतःला फोडतो. ग्लॅडिस हॉबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्येच दाखवलं होतं की पेनिसिलिन वाढणाऱ्या जंतूंनाच मारतं. दोन वर्षांनी जोसेफ बिगर यांना पेनिसिलिनमध्येही शिल्लक राहणारे मोजके जंतू सापडले. ते प्रतिकारक नव्हते, फक्त निवांत पडून होते. त्यांना त्यांनी ‘पर्सिस्टर’ म्हटलं.

आता अशा औषधाबरोबर प्रथिननिर्मिती थांबवणारं औषध दिलं तर? जंतू वाढायचाच थांबतो. जो वाढत नाही तो भिंत उसवतही नाही, आणि पेनिसिलिनला धरायला काही उरत नाही. हे नुसतं कागदावरचं गणित नाही. १९५१ मध्ये लेपर आणि डाउलिंग यांनी न्यूमोकोकसच्या मेंदूज्वरात एकटं पेनिसिलिन आणि पेनिसिलिन अधिक क्लोरटेट्रासायक्लिन यांची तुलना प्रसिद्ध केली. दोन औषधं मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. मेंदूभोवतालच्या द्रवातही पांढऱ्या पेशींचं बळ तोकडंच असतं, झडपेवर असतं तसंच. प्रत्येक जोडी प्रत्येक जागी अशी मारक ठरते असं नाही, पण जिथे मारणं औषधावरच अवलंबून आहे तिथे ही जोखीम घेण्यात अर्थ नव्हता. लिनेझोलिड बंद.

राहिलं एकटं अँपिसिलिन. त्याच्या निवळ खळग्यातल्या थेंबातून दुसऱ्या दिवशी साठ-सत्तर वसाहती उगवल्या. ५ हजारांतले साठ-सत्तर म्हणजे जवळजवळ ९९ टक्के मेले. ऐकायला झकास. पण मारक म्हणवून घ्यायला ९९.९ टक्के मारावे लागतात, म्हणजे थेंबात फार तर पाच उरायला हवे होते. मात्रा २, ४, ८ करत ३२ पर्यंत नेली तरी आकडा फारसा हलला नाही. याला टॉलरन्स म्हणतात, सहनशीलता. औषध पोचतंय, चिकटतंय, वाढ थांबतेय, पण फुटण्याची प्रक्रिया पुरी होत नाही. स्ट्रेप्टोकोकसला मारणारं पेनिसिलिन एंटरोकोकसला बहुधा नुसतं रोखतं. म्हणजे ‘मारक’ हा शिक्का औषधावर मारता येत नाही, तो औषध आणि जंतू यांच्या जोडीचा असतो. क्लोरॅम्फेनिकॉल बहुतेक जंतूंना नुसतं थांबवतं, न्यूमोकोकसला मारतं.

ही अडचण जुनी आहे. पेनिसिलिन आल्यावर झडपेचे पुष्कळ संसर्ग बरे होऊ लागले, पण एंटरोकोकसचे रुग्ण हातातून निसटत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पेनिसिलिनबरोबर स्ट्रेप्टोमायसिन दिल्यावर ते बरे होताना दिसले. गंमत अशी की एकटं स्ट्रेप्टोमायसिन या जंतूवर जवळजवळ निकामी असतं. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांच्या गटातल्या, म्हणजे अमायनोग्लायकोसाइड औषधांना पेशीपटलातून आत ओढायला जंतूची श्वसनाची विद्युतऊर्जा लागते, आणि एंटरोकोकस मुख्यतः आंबवण्यावर जगतो, ती ऊर्जा त्याच्याकडे तुटपुंजी. औषध दारातच उभं राहतं. १९७१ मध्ये मोलरिंग आणि वाइनबर्ग यांनी किरणोत्सारी कार्बन जोडलेलं स्ट्रेप्टोमायसिन वापरून दाखवलं की सोबत पेनिसिलिन असलं तर जंतूच्या आत जाणारं औषध कितीतरी वाढतं. भिंत कमकुवत झाली की दार उघडतं.

आत शिरल्यावर हा गट काय करतो, तो भाग मला सगळ्यात आवडतो. टेट्रासायक्लिन आणि जेंटामायसिन दोन्ही रायबोसोमच्या एकाच लहान भागावर, ३०एस वर, बसतात. टेट्रासायक्लिन कच्चा माल घेऊन येणाऱ्याला जागाच देत नाही. काम थांबतं, जंतू थांबतो. जेंटामायसिन काम थांबू देत नाही, वाचन बिघडवतं. चुकीचं अमिनो आम्ल चुकीच्या जागी बसतं आणि वेडीवाकडी प्रथिनं बनत राहतात. त्यातली काही पेशीपटलात जाऊन बसतात, पटल गळू लागतं, त्या गळतीतून आणखी जेंटामायसिन आत येतं. बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू करता येतो. खोटा माल काढत बसलेला कारखाना मालकाला बुडवतो.

पुढे कित्येक वर्षं अँपिसिलिन अधिक जेंटामायसिन हाच या रोगाचा उपचार होता. आपल्या रुग्णात तो का नाही, याचं उत्तर त्या वर्तुळ नसलेल्या चकतीत आहे. साधी १० मायक्रोग्रॅमची चकती इथे लावून उपयोग नसतो, कारण जेंटामायसिन एकट्याने आत जात नाही हे आधीच माहीत आहे. प्रश्न वेगळा असतो: दार उघडून आत ढकललं तर ते काम करेल का? म्हणून मुद्दाम १२० ची चकती. तिच्याभोवतीही जंतू उगवले तर त्याच्याकडे औषधाला रासायनिक शेपूट जोडून निकामी करणारं विकर आहे असं धरायचं. मग अँपिसिलिनने दार सताड उघडलं तरी आत जातं ते निरुपयोगी जेंटामायसिन. आधीच १.६ क्रिएटिनिन असलेल्या माणसाला मूत्रपिंड आणि कान यांना इजा करणारं औषध द्यायचं, आणि बदल्यात काही मिळणार नाही.

निवासी डॉक्टरचा मूळ प्रश्न आता येतो. सेफट्रायॅक्सोन.

एंटरोकोकसकडे भिंत टाचणारी एक पीबीपी नाही, अनेक आहेत. त्यातली चौथ्या क्रमांकाची सेफॅलोस्पोरिनांना, म्हणजे सेफट्रायॅक्सोनच्या गटातल्या औषधांना, जुमानत नाही. सेफट्रायॅक्सोन इतरांना, विशेषतः दुसरी आणि तिसरी यांना, चांगलं जखडतं. पण चौथी एकटी सगळा भार उचलते आणि भिंत उभी राहते. म्हणून ‘आर’. खरं तर सेफॅलोस्पोरिन घेत असलेल्या रुग्णांच्या आतड्यात एंटरोकोकस फोफावतो, इतका तो या औषधाला निर्धास्त असतो. अँपिसिलिनचं नेमकं उलट. ते चौथीला धरतं, पण कमी मात्रेत दुसरी-तिसरी पुरती बंद होत नाहीत, आणि त्या उरलेल्या कामावर जंतू तग धरतो. दोन्ही एकदम दिली की एकही हात मोकळा राहत नाही. १९९५ मध्ये अमॉक्सिसिलिन आणि सेफोटॅक्झिम या भावंडांच्या जोडीवर हे काम प्रसिद्ध झालं, पुढे अँपिसिलिन-सेफट्रायॅक्सोन रुग्णांत वापरलं गेलं आणि आता मार्गदर्शक सूचनांत आहे. हे फिकॅलिसपुरतं, त्याचा भाऊबंद फिशियम याच्यावर ही जोडी लावू नये, त्याच्या भिंतीचा कारभार वेगळा आहे.

उपचार त्याच संध्याकाळी सुरू झाला: अँपिसिलिन २ ग्रॅम दर ४ तासांनी, सेफट्रायॅक्सोन २ ग्रॅम दर १२ तासांनी, शिरेतून. प्रयोगशाळेने पुढे जे केलं ते उपचारासाठी गरजेचं नव्हतं, कोणी मागितलंही नव्हतं. निवासी डॉक्टरला डोळ्याने दाखवायचं होतं म्हणून टाइम-किल लावलं, म्हणजे ठरावीक वेळाने किती जंतू जिवंत उरले याची मोजणी. पाच नळ्या, प्रत्येकीत मिलिलिटरला ५ लाख त्याच रुग्णाचे जंतू. चोवीस तासांनी औषध धुऊन काढून मोजणी. जेंटामायसिनची नळी गढूळ, ताकासारखी. सेफट्रायॅक्सोनचीही तशीच. एकटं अँपिसिलिन, एमआयसीइतकं: मिलिलिटरला ८ हजार. अँपिसिलिन अधिक जेंटामायसिन: साडेसात हजार, म्हणजे काडीचा फरक नाही. अँपिसिलिन अधिक सेफट्रायॅक्सोन: प्लेटवर चार ठिपके, हिशेबाने मिलिलिटरला ४०. एकट्या औषधापेक्षा १०० पटींहून जास्त घट झाली तर त्या जोडीला सहकारी म्हणतात. इथे २०० पट होती, आणि मुळापासून ९९.९ टक्क्यांची रेषाही ओलांडली होती.

निवासी डॉक्टर प्लेट उजेडाकडे धरून बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, “हे चार कोण?” असे प्रश्न विचारणारी मुलं मला आवडतात. बहुधा बिगर यांचे पर्सिस्टर. ते उचलून पुन्हा वाढवले आणि अँपिसिलिनची एमआयसी काढली: १. जशीच्या तशी. त्यांनी नवीन काही शिकलेलं नव्हतं, त्या रात्री फक्त झोपून होते. सहा आठवडे उपचार का, असं नातेवाईक विचारतात तेव्हा मला हेच चार आठवतात. ते कधी ना कधी जागे होऊन वाढायला लागतात, आणि त्या क्षणी औषध रक्तात असावं लागतं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवसाचं रक्ताचं कल्चर निर्जंतुक. झडप थोडी गळते, पण तेव्हा शस्त्रक्रिया लागली नाही. सहाव्या आठवड्याच्या शेवटी क्रिएटिनिन १.४. औषध थांबवल्यावर आठव्या दिवशी, म्हणजे मागच्या वेळी ताप परत आला त्या दिवशी, मुलीने सकाळपासून चार वेळा थर्मामीटर लावला. महिन्याभराने घेतलेली कल्चर्सही कोरी आली.

आमच्या संगणकातल्या अहवालात औषधासमोर एस, आय (मधली पायरी), आर या तीनांखेरीज काही लिहिता येत नाही. ‘जोडीने’ असा रकाना त्यात नाही. म्हणून झडपेवरच्या फिकॅलिसच्या अहवालात शेऱ्याच्या जागी आम्ही हाताने टाइप करतो: “सेफट्रायॅक्सोन आर, एकटं दिल्यास. अँपिसिलिनसोबत देण्याआधी प्रयोगशाळेशी बोला.” फोन तरीही येतातच.